सोयाबीन माळव्याचं, तेल मलेशियाचं

सांवेरजवळ शेती असलेले माझे काका फोनवर फिरून फिरून एकच विचारतात, "माळव्यात एवढं सोयाबीन पिकतं, मग खायचं तेल मलेशियाहून कशाला? आणि आपली डीओसी युरोपातल्या कोंबड्यांना कशाला घालायची?" डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड. मी रॉटरडॅमला आयात होणाऱ्या शेतमालाच्या कागदपत्रांचं काम करते, तेव्हा याचं उत्तर मीच द्यावं असं त्यांना वाटतं. फोनवर ते धड जमत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इंदुरात ज्या मराठी घरांत अजून जमिनीचा विषय निघतो, त्यांच्याही हे कामी येईल.

काका, आधी हिशेब मांडू. आपल्याकडे हेक्टरी साधारण एक टन सोयाबीन होतं. ब्राझीलमध्ये तीन टनांच्या वर. दाण्यात तेल असतं अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. म्हणजे आपल्या एका हेक्टरमधून तेल निघालं 180 किलो. मलेशियात एक हेक्टर पामची बाग तीन टनांहून जास्त तेल देते. भारत वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. तेवढं तेल फक्त सोयाबीन पेरून काढायचं म्हटलं तर आठ कोटी हेक्टरांहून जास्त जमीन लागेल. देशात पेराखालची सगळी जमीन आहे सुमारे चौदा कोटी हेक्टर. मोहरी-भुईमुगात तेल जास्त असतं, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. पण मग गहू, तांदूळ, डाळी कुठे पेरायच्या हा प्रश्न काही सुटत नाही. आपल्याला तेल काढता येत नाही म्हणून आपण ते विकत आणतो, असं नाही. त्याच्यापायी दुसरं काय सोडावं लागेल, ते मोजून आणतो.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये नेमकं हेच मांडलं. त्याच्या उदाहरणात इंग्लंडला ठरावीक कापड विणायला वर्षभर 100 माणसं लागतात आणि ठरावीक वाइन करायला 120. पोर्तुगालला कापडाला 90 आणि वाइनला 80. दोन्हीत पोर्तुगालच सरस. तरीही पोर्तुगालने वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, यात दोघांचा फायदा आहे. कारण वाइनमध्ये पोर्तुगालची आघाडी जास्त मोठी आहे. आजीच्या हातची शेव बाजारातल्या शेवेपेक्षा चांगली होते, तरी आपण ती नमकीनच्या दुकानातूनच आणतो ना? आजी तेवढ्या वेळात शिवणाची दोन कामं उरकते, ती दुसऱ्या कुणाला जमणारी नसतात.

इथे नेदरलँड्समध्ये राहून मला हे जास्त पटलं. फुलशेतीत या लोकांचा हात धरणारं कुणी नाही. काचेची हरितगृहं मैलोनमैल पसरलेली. पण गुलाब मोठ्या प्रमाणावर केनियातून विमानाने येतात आणि आल्समेरच्या लिलावात विकले जातात. नैवाशा सरोवराच्या काठी, विषुववृत्ताजवळ आणि उंचावर, बाराही महिने ऊन असतं. इथे हिवाळ्यात तेच गुलाब फुलवायचे तर गॅस जाळावा लागतो, दिवे लावावे लागतात. ज्यांना फुलं सर्वांत चांगली कळतात, तेच फुलं विकत घेतात. यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटू नये.

आता तुमच्या डीओसीबद्दल. एकदा भारतातून आलेल्या कंटेनरचा नमुना काढताना मी उभी होते. दार उघडल्याबरोबर तो भाजल्यासारखा, किंचित गोडसर वास आला. मंडीत पोत्यात परखी खुपसतात, तशीच एक लांब पोकळ सळई माणसाने आत घातली, पिवळसर चुरा पिशवीत भरला, सील लावलं. तो नमुना जातो प्रयोगशाळेत, कारण खरेदीदाराला एकच गोष्ट पक्की हवी असते: बियाणं जनुकीय बदल केलेलं (जीएम) नाही ना? ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड स्वस्त असते, पण तिथलं जवळजवळ सगळं सोयाबीन जीएम आहे. भारतात जीएम सोयाबीन पिकवायला परवानगी नाही. त्यामुळे जर्मनी-फ्रान्समधले काही खरेदीदार आपल्या मालाला जास्त पैसे मोजतात. पिकाचा उतारा कमी, तरीही गिऱ्हाईक आहे, ते या एका गुणामुळे.

आणि हे सोयाबीन तरी मूळचं आपलं कुठे? ते चीनकडचं पीक. पिवळ्या सोयाबीनचं व्यापारी पीक मध्य प्रदेशात साठ-सत्तरच्या दशकांत रुजलं, त्यात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर केलेल्या कामाचा मोठा वाटा होता. पावसाळ्यात पडीक राहणारी काळी जमीन तेव्हापासून पेराखाली आली.

मात्र व्यापार चांगलाच असतो, असं मी म्हणणार नाही. याच माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे चीनला जायची. इंदूरच्या सावकारीत तो पैसा खेळला, आणि त्या धंद्यावरून चीनवर युद्ध लादलं गेलं. दोन्ही बाजूंना नफा होतो हे गणित राजीखुशीच्या सौद्याचं आहे.

बाहेरच्यावर विसंबण्यात धोकाही आहे. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जवळपास महिनाभर थांबवली होती. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन' जहाज इथेच, रॉटरडॅमला यायचं होतं. म्हणून तेल चार देशांकडून घ्यावं, एकाकडून नाही. हे मला घरात सगळं पिकवण्याच्या हट्टापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

पण काका, तुमचा राग खरा आहे, आणि अर्थशास्त्राची पुस्तकं तो घाईने ओलांडतात. तेल स्वस्त झालं की फायदा देशभरातल्या स्वयंपाकघरांना थोडा थोडा होतो. तोटा मात्र सांवेर, देपालपूरच्या शेतकऱ्याला एकरकमी बसतो. 2024 च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि मंडीतला भाव त्याच्या बराच खाली. त्या सप्टेंबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला. मे 2025 मध्ये पुन्हा साडेसोळावर आणला. पेरताना एक कर, पुढच्या पेरणीला दुसरा. व्यापाराचा नफा देश घेतो, तर ज्याच्या खिशातून तो जातो त्याची भरपाई देशानेच करायला हवी. मध्य प्रदेश सरकारने 2025 मध्ये सोयाबीनसाठी भावांतर आणलं, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकऱ्याला देण्याची योजना, ते याच दिशेचं पाऊल आहे. पण कर दोन-तीन वर्षं तरी एका जागी ठेवले, तर शेतकऱ्याला त्याहून जास्त आधार मिळेल.

तुम्ही म्हणालात, पुढच्या खरिपात निम्म्या जमिनीत मका लावणार, इथेनॉलवाले घेतात. जरूर लावा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरून आणायचं खनिज तेल कमी व्हावं म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात. ते काढल्यावर धान्याचा जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. तो कोंबड्यांच्या खाद्यात डीओसीपेक्षा स्वस्त पडतो, आणि देशातल्या डीओसीची मागणी त्यानेच खाल्ली आहे. उरलेल्या निम्म्या जमिनीतल्या सोयाबीनचा भाव बघताना मलेशियाइतकंच जवळच्या इथेनॉल कारखान्याकडेही लक्ष असू द्या.