राशोलला जाऊन आलो

आज दुपारी पाऊस उघडला तशी बाईक काढली आणि मडगावहून थेट जुवारी नदीकाठच्या राशोल गावात गेलो, किती दिवस मनात होतं. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीच्या बाजूनं खाली जुवारी दिसते, पाणी गढूळ तांबडं, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. तिथंच बसून राहिलो. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे ओवीत सांगितलेली ख्रिस्ताची कथा, 1616 साली राशोललाच छापलं गेलं. जवळजवळ 11,000 ओव्या, आणि नागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी सगळी रोमन अक्षरांत.

हा स्टीफन्स मूळचा इंग्लंडचा, रोमला जाऊन जेजुइट संघाचा पाद्री झाला, ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये वारला, मधली 40 वर्षं बहुतेक सगळी गोव्यातल्या साष्टीत, म्हणजे याच मडगाव-राशोलच्या भागात, गावोगावचं पाद्रीपण करत. आल्यावर चारच वर्षांत भावाला पत्रात लिहितो की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. भाषापंडित विल्यम जोन्सनं हेच 1786 मध्ये सांगितलं, म्हणजे 200 वर्षांनी! पुस्तकातून नाही, लोकांशी बोलून बोलून कळलेलं हे, मला तर फार मोठं वाटतं.

पण मला सगळ्यात भिडतं ते वेगळंच. लोकांशी बोलायला तो कोंकणी शिकला, तिचं व्याकरण लिहिलं (ते 1640 मध्ये छापलं, तो गेल्यावर 21 वर्षांनी), दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती धर्माची शिकवण, तीही कोंकणीत केली, आणि पुराण लिहायला बसला तेव्हा मात्र मराठी घेतली, ओवी घेतली. कारण नव्या ख्रिस्तावांची पुराणं सुटली होती, त्या जागी वाचायला काहीतरी द्या म्हणून तेच मागत होते, आणि त्यांच्या कानाला पोथी म्हणजे मराठी. आमच्या घरात अजून तसंच आहे, आई चुलीपाशी, बाजारात, भांडताना कोंकणी आणि श्रावणात पोथी उघडली की मराठी. बाहेरून आलेल्या माणसाला हे कळलं कसं, त्यानं किती घरांत बसून ऐकलं असेल.

तरी जुवारीकडे बघताना गळा दाटतोच. आमचा देव मंगेश 1560 मध्ये कुशस्थळीहून हीच नदी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला, साष्टीतली देवळं पाडली ती त्याच पोर्तुगीज राज्यात, त्याच धर्माच्या नावानं, आणि स्टीफन्स आला तो मंगेश हलवल्यावर 19 वर्षांनी. ते मी विसरणार नाही आणि त्याच्या ओव्यांवरचं प्रेमही सोडणार नाही, दोन्ही माझंच आहे.

रात्री आईला शांताराम बंडेलूंनी नागरीत काढलेल्या क्रिस्तपुराणाच्या प्रतीतलं झेरॉक्स पान दिलं, मराठीची स्तुती आहे ते, कोणाचं म्हणून सांगितलं नाही. तिनं चष्मा लावला आणि नेहमीच्या पोथीच्या चालीत सुरू केलं, कुठं अडखळली नाही. फुलांमधली मोगरी आली तिथं थांबली, तीच ओळ परत म्हटली. पान संपलं तसं म्हणाली, "फुडलें खंय आसा?"

उद्या पूर्ण पुस्तक आणतो लायब्ररीतून.