गळालेली नावे आणि सोयाबीनचा हंगाम

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची संस्था हंगामी वसतिगृह चालवते. देणग्यांचा हिशेब माझ्याकडे असतो. मे २०२४ मधील विश्वस्तांच्या बैठकीपुढे एक प्रस्ताव होता: सरलेल्या आर्थिक वर्षात ज्यांची देणगी आली नाही, त्यांची नावे यादीतून काढून टपालखर्च वाचवावा.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी ३१ मेच्या मुदतीचे दहा-बीडी, म्हणजे वर्षभरातील देणग्यांची माहिती आयकर विभागाला देणारे विवरणपत्र भरत होते. त्यात देणगीदाराचा पॅन, आधार किंवा अन्य ओळख क्रमांक द्यावा लागत असल्याने २०२१-२२ पासूनची विवरणपत्रे क्रमांकांवरून जुळवता आली आणि एकदा दिलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षी पुन्हा देतात, हे प्रथमच नेमके दिसले. एकूण रकमेवरून ते कळले नसते, कारण मोजक्या मोठ्या धनादेशांखाली लहान पावत्या झाकल्या जातात.

गळालेल्या बहुतेक नावांपुढे पॅनऐवजी आधार क्रमांक होता. कुतूहलाने जुनी पावतीपुस्तके काढली, तेव्हा त्या पावत्या दसरा-दिवाळीच्या, म्हणजे लातूरच्या आडतीवर सोयाबीन घातल्यानंतरच्या निघाल्या. आमचे आवाहनपत्र मात्र मार्चमध्ये, देणगीवर आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली मिळणाऱ्या करसवलतीची आठवण करून देत जाई. ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे आणि त्यावर आयकरच नाही, त्यांना त्या सवलतीचे काय? शिवाय ऑगस्ट २०२३ कोरडा गेला होता. त्या वर्षीच्या मौनाला नकार समजणे मला अन्यायाचे वाटले.

बैठकीत मी गळालेल्यांची यादी आणि त्यांच्या जुन्या पावत्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या. ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “मग ताई, यांना पत्र कधी पाठवायचं?”

“दसऱ्याच्या सुमारास, सर. टोळ्या कारखान्यांकडे निघतात तेव्हाच मुलांची सोय करावी लागते.”

प्रस्ताव मागे घेतला गेला. नव्या पत्रात करसवलतीऐवजी एका मुलाच्या हंगामभराच्या जेवणाचा खर्च लिहिला. त्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. तरी गळालेल्यांपैकी अनेक नावे परतली, रकमा मात्र लहान होत्या. काही विश्वस्तांना ही घट खटकली. परतलेल्या माणसांची संख्या अहवालात रकमेच्या आधी छापावी, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.