आमच्या प्लॉटला अलर्ट लागला तेव्हा

द्राक्षांच्या तपासणीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी ड्रिपच्या नळ्या धूत होतो. हात पुसून पीडीएफ उघडली. औषधांची ही लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकासमोर ‘बीएलक्यू’, म्हणजे मोजता येईल एवढाही अंश नाही. सरकवत सरकवत खाली आलो आणि एका ओळीत आकडा दिसला. फिप्रोनिल हे कीटकनाशक, ०.०११ मिलिग्रॅम प्रति किलो. युरोपची मर्यादा ०.००५. प्लॉट नापास, म्हणजे ‘अलर्ट’.

हे औषध मी मारलंच नव्हतं.

दोन एकर थॉम्सन द्राक्षं, नाशिक जिल्हा, वीस टनांचा अंदाज. साखर अठराच्या पुढे गेलेली, मणी अठरा मिलिमीटरचा, निर्यातदाराचा माणूस दोनदा येऊन बाग बघून गेलेला. दर बोलून झाला होता, ८२ रुपये. फक्त रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा कागद यायचा होता आणि त्याची मला काळजी नव्हती. कारण फवारणीची वही मी स्वतः लिहितो. तारीख, औषध, एकरी प्रमाण, टँक किती, सगळं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी, जिला आमच्याकडे सगळे ‘अ‍ॅनेक्श्चर फाइव्ह’ म्हणतात, ती शेडच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. कुठलं औषध द्राक्षावर चालतं, मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, ते त्यात बघायचं आणि मगच डबा फोडायचा.

ही शिस्त माझी नाही, वडिलांची. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. आम्ही त्याला लिहोसीन म्हणतो. खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत माल धरावा म्हणून वर्षानुवर्षं वापरत होतो. आपल्याकडच्या लॅबच्या यादीत ते तपासायचंच नव्हतं, त्यामुळे इथे पास झालेला माल तिथे अडकला. कंटेनर बंदरावर आणि पैसे हवेत. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी २००६ पासून सुरू होती. म्हणजे युरोपच्या दुकानातली पेटी कुणाच्या कुठल्या प्लॉटमधून आली हे कागदावर सापडत होतं. पण जे तपासलंच नाही ते सापडणार कसं? त्या वर्षीचं कर्ज वडिलांनी पुढे कित्येक वर्षं फेडलं. त्यानंतर त्यांनी मला वही आणून दिली.

तर रिपोर्ट आल्यावर मी पहिलं काम केलं ते ती वही काढायचं. छाटणीपासून त्या दिवसापर्यंत तीनदा वाचली. फिप्रोनिल नाही. मग शेजाऱ्यावर संशय घेतला. त्याचे टोमॅटो आमच्या बांधाला लागून. तो बिचारा म्हणाला, “भाऊ, यंदा मी ते आणलंच नाही, हवं तर शेड बघ.” मग फवारणीच्या ब्लोअरवर. आमचा स्वतःचा आहे, भाड्याने देत नाही. लॅबला फोन केला, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून. तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, सील नंबर, फोटो, लोकेशन सगळं तुमच्याच प्लॉटचं आहे. वहीत नाही असं काही मारलं का, ते आठवा.”

रात्री जेवताना बायको म्हणाली, “अहो, ते हिरव्या बाटलीतलं लिहिलं होतं का?”

नव्हतं. कारण ते ‘जैविक’ होतं, आणि जैविक कशाला लिहायचं!

मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडायला, आठेक दिवस होते तेव्हा शेंड्यावर फुलकिडे दिसायला लागले. रासायनिक मारायची वेळ निघून गेली होती, म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “हे घेऊन जा, शंभर टक्के वनस्पतिजन्य, रेसिड्यू फ्री, निर्यातवालेही हेच नेतात.” नेलं, मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला तर एक किडा पडेना. तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वनस्पतिजन्य औषध असं रात्रीत साफ करत नाही, त्याला दोन-तीन फवारण्या लागतात. पण बाग स्वच्छ दिसली की शेतकरी शंका घेत नाही, आभार मानतो.

बाटली शेडमध्ये होती, तळाशी वाटीभर औषध शिल्लक. पहिल्यांदाच ती नीट हातात घेऊन बघितली. हिरवं पान, थेंब, कडुनिंबाची डहाळी. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणाचा चौकोन असतो, त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी क्रमांकही लागतो. हिच्यावर यातलं काहीच नाही. पत्त्याच्या जागी एका शहराचं नाव आणि एक मोबाइल नंबर, तो बंद. उरलेलं औषध पदरचे पैसे भरून तपासायला पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. फिप्रोनिल आहे.

नंतर कुणीतरी सांगितलं की २०१७ मध्ये खुद्द नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हेच झालं होतं. कोंबड्यांच्या खुराड्यातल्या लाल कोळी किडीसाठी वनस्पती तेलांचं म्हणून विकलेलं औषध, आत फिप्रोनिल. लाखो अंडी फेकावी लागली. ऐकून जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? आपणच एकटे गाढव नाही.

दुकानदाराकडे गेलो. “आम्ही सीलबंद विकतो भाऊ, कंपनीला विचारा.” पक्कं बिल मी घेतलं नव्हतं. लेटरपॅडवर नुसती रक्कम खरडलेली, औषधाचं नावही नाही. तक्रार करायला गेलो तर साहेबांनी पहिला प्रश्न बिलाचाच विचारला. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून आमच्या घरात शेणाची ट्रॉली आली तरी पावती लागते. बायको हसते.

मधल्या काळात मी त्या ०.०११ चा हिशेब मांडून बसलो. किलोला ०.०११ मिलिग्रॅम म्हणजे वीस टनांत २२० मिलिग्रॅम. पाव ग्रॅमसुद्धा नाही. आमटीत चिमूटभर मीठ टाकतो ते याच्याहून जास्त भरेल. तेवढं दोन एकरांत पसरलेलं आणि त्यापायी सोळा लाखांचा माल अडकलेला. पहिल्यांदा राग आला, की हा युरोपचा छळवाद आहे. पूर्वी एका चर्चासत्रात शास्त्रज्ञांनी सांगितलेलं आठवलं. ही मर्यादा म्हणजे ‘याच्या वर गेलं की माणूस आजारी’ अशी रेष नाही. शिफारशीप्रमाणे औषध मारलं तर फळात किती उरेल, त्यावरून ती ठरते. ज्या औषधाला परवानगीच नाही त्याची मर्यादा यंत्राला मोजता येईल इतकी खाली ठेवतात. आरोग्याचा आकडा वेगळा. प्राण्यांवरच्या प्रयोगात ज्या डोसला काही झालं नाही, साधारण त्याच्या शंभराव्या भागावर माणसाचा रोजचा डोस धरतात. म्हणजे माझी द्राक्षं खाऊन कुणी खाटेला खिळणार नव्हतं.

पण मग दुसरा विचार आला आणि तो गेला नाही. फळात उरलं ते पाव ग्रॅम. टँकमध्ये ओतलं ते किती होतं? आणि ते ओतताना माझ्या हातात मोजे नव्हते. जैविकला कशाला मोजे? तोंडाला साधा रुमालही नाही, कारण वास छान होता, निलगिरीसारखा. ब्लोअर चालवताना वारा फिरला की धुकं अंगावर येतं. त्या दिवशीही आलं. संध्याकाळी डोकं जड होतं, मी उन्हावर ढकललं. दुसऱ्या दिवशी बायका बागेत गेल्या, वाढलेले शेंडे आणि बगलफुटी काढायला, उघड्या हातांनी. त्याच हातांनी बांधावर भाकरी खाल्ली. २०१७ मध्येच यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना माणसं मेली, तेव्हा आम्ही ‘कापूसवाल्यांना काळजी नाही’ असं म्हणून मोकळे झालो होतो. ग्राहक विचारतो, द्राक्षात विष किती? रास्त प्रश्न आहे. पण ते विष आधी आमच्या अंगावरून जातं आणि मग द्राक्षावर बसतं. आणि आम्ही त्याला म्हणतो औषध.

अलर्ट लागला की दुसरा नमुना लगेच देऊन उपयोग नसतो, अंश कमी व्हायला दिवस जावे लागतात. वीस दिवस थांबायचं ठरवलं. काढणीला आलेली बाग वीस दिवस उभी ठेवणं म्हणजे काय, ते बागवाल्यालाच कळेल. पाणी तोडलं तर मणी लुळा पडतो, दिलं तर तडकायची भीती. मधमाश्या, पाखरं आणि मोबाइलवर पावसाचा अंदाज. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि माझी हिंमत गेली. सोसायटीचा हप्ता तोंडावर होता. एक एकर लोकलच्या व्यापाऱ्याला दाखवला.

तो सकाळी आला. मणी तोडून चाखला, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून साखर बघितली, घड उलटा करून देठ हिरवा आहे ना ते बघितलं. ३८ रुपये म्हणाला. मी त्याला सांगितलं, माझ्याकडून लपवलं गेलं नाही, की या प्लॉटला रेसिड्यूचा अलर्ट आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. “भाऊ, हा काय युरोपला चाललाय?” दुपारी क्रेट आले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकर रिकामा.

फळातल्या अंशांच्या मर्यादा आपल्याकडेही आहेत, एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या. कागद दोन्हीकडे आहे. तिकडे तो बघणारा माणूस बंदरावर उभा असतो. माझ्या बांधावर त्या दिवशी कुणी नव्हतं, मीच होतो. आणि मी क्रेट मोजत होतो.

पाऊस आला नाही. नुसतं आभाळ होतं.

विसाव्या दिवशी लॅबचा मुलगा आला, मोटरसायकलवर, मागे खोका बांधलेला. या वेळी मी त्याच्या मागे मागे फिरलो. मोबाइलवर प्लॉटचं लोकेशन घेतलं, मग सरळ ओळीने न जाता तिरका फिरत गेला. एक घड उन्हाकडचा, एक पानाआडचा, एक वेलीच्या वरचा, एक खालचा. बांधाकडच्या ओळी सोडल्या. हातातले मोजे नवे होते आणि पिशवी त्याने माझ्यासमोर फोडली. सील केली, माझी सही घेतली, फोटो काढला. मी विचारलं, “लॅबमध्ये धुता का आधी?” म्हणाला, “नाही सर, न धुता, मण्यांचा सालीसकट लगदा करतात.” मला आपलं वाटत होतं, धुऊन बघतात.

पाचव्या दिवशी रिपोर्ट. फिप्रोनिलसमोर ‘बीएलक्यू’. अलर्ट उठला, पण निर्यातदाराचा दर तोवर ६७ वर आला होता. मी घासाघीस केली नाही. पॅकिंगवाले आले, दोन दिवसांत एकर उतरला.

दरवर्षी हंगाम सुरू झाला की धाकट्या बहिणीला ठाण्याला पाच किलोची पेटी जाते. यंदा महिनाभर गेली नव्हती आणि तिचे दोन फोन येऊन गेले होते. या कापणीतली पेटी पाठवली. पोचली त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

“दादा, एक व्हिडिओ आलाय. द्राक्षावरची पांढरी पावडर म्हणजे औषध असतं म्हणे. तुझ्याही द्राक्षांवर आहे.”

तो फळाचा स्वतःचा मेणाचा थर असतो, हाताळणी कमी झाल्याची खूण आहे, हे मी तिला सांगितलं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरचं बरंचसं निघतं. जे औषध आत मुरतं ते मिठाने निघत नाही, सोड्यानेही नाही. मग रिपोर्ट पाठवला आणि राहवलं नाही म्हणून सगळी हकीकत सांगितली, हिरव्या बाटलीपासून. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी विचारलं, “म्हणजे आमच्याकडे आलीत ती दुसऱ्या एकरातली?”

“हो.”

“आणि पहिला एकर?”

“लोकल मार्केटला.”

थोडा वेळ ती गप्प राहिली. मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“दादा, मी मध्ये महिनाभर इथूनच आणत होते,” ती म्हणाली.