पाऊस पडला आणि जाहिराती थांबवल्या

देवगड तालुक्यातले एक बागायतदार, आमचे तात्या. त्यांचा हापूस थेट घरोघरी विकायचा होता. त्यांच्या सोशल मीडियाचं नियोजन माझ्याकडे होतं. ऐन एप्रिलात भल्या पहाटे तात्यांचा फोन आला. रात्री वाऱ्यासकट पाऊस झाला होता, बरंच फळ गळलं होतं आणि झाडावरचं भिजलं होतं. भिजलेलं फळ लगेच उतरवलं तर अढीत, म्हणजे पिकायला रचून ठेवलं की, काळे डाग धरतं, देठाकडून कुजतं. म्हणजे दोन-तीन दिवस काढणी बंद. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती मात्र चालूच होत्या.

"तात्या, आधी जाहिराती थांबवतो, मग ऑर्डरींची यादी बघू," म्हटलं आणि त्या थांबवल्या.

यादी हाताशी होती, कारण जाहिरातींचा आराखडाच दिवसाला किती पेट्या निघतात तिथून उलटा बांधला होता. माणसं आणि टेम्पो धरून दिवसाला ४० पेट्या निघू शकत. त्यातल्या साधारण २५ जुनी गिऱ्हाइकं घेतात. त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेसवर पुणे, ठाणे, मुंबई अशा वेगळ्या ब्रॉडकास्ट याद्या, म्हणजे एकच निरोप एकदम सगळ्यांना पाठवायच्या. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून आदल्या हंगामात प्रत्येक पेटीत 'हा नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी घातली होती. जाहिरातीने आणायच्या त्या उरलेल्या १५. पाडव्याला सगळे पैसे एकदम ओतायचा मोह बहुतेकांना होतो, पण तेव्हा माल थोडा आणि दर चढे असतात. आलेली चौकशी नुसती वाया जाते.

आधी जाहिरातीसाठी दोन व्हिडिओ तपासले होते, खर्च प्रत्येकी ३,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. ड्रोनने टिपलेल्या बागेवर १९० मेसेज आले, पैसे भरलेल्या पेट्या ९. दुसऱ्यात तात्या झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवतात आणि कापून दाखवतात, बाकी काही नाही. त्यावर ७० मेसेज, १५ पेट्या. म्हणजे पेटीमागे ३९३ विरुद्ध २३६ रुपये. मेसेजची संख्या बघून निर्णय घेतला असता तर ड्रोनच निवडला गेला असता. फरक पडण्याचं मोठं कारण असं की दुसऱ्यात फळाचं वजन (२२५ ते २५० ग्रॅम), पेटीतले ५ डझन आणि घरपोच दर पडद्यावरच लिहिला होता. दर लपवला की 'दर?' एवढं विचारून लोक निघून जातात. पेटी जिथे पोचते तेवढेच पिनकोड निवडले होते. 'अस्सल देवगड' तर सगळेच लिहितात. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याखालचा तात्यांचा नोंदणी क्रमांक प्रोफाइलवरच टाकला होता.

त्या सकाळी व्हॉट्सअॅपवरचं 'पैसे आले' हे लेबल उघडलं. ४६ ऑर्डरी. पावसाआधी उतरवून अढीत लावलेला माल १८ पेट्यांपुरता. ज्यांनी सगळ्यात आधी पैसे भरले त्यांना त्या ठरल्या दिवशी रवाना. उरलेल्या २८ जणांना तात्यांच्याच आवाजात निरोप गेला: "नमस्कार, देवगडहून बोलतोय. रात्री पाऊस झाला. तुमची पेटी उद्या निघणार होती, ती शनिवारी निघेल. थांबायचं नसेल तर आजच पैसे परत करतो." अशा वेळी टाइप केलेला मजकूर नको. रागावलेल्या माणसाला माणसाचाच आवाज लागतो. झाडाखाली पडलेल्या फळांचा २५ सेकंदांचा व्हिडिओ, संगीत न लावता, स्टेटसला ठेवला. पाच जणांनी पैसे मागितले, त्यांना दुपारच्या आत परत केले. बाकीचे थांबले.

लांबलेल्या पेट्या निघाल्यावरच जाहिरात पुन्हा चालू केली. ती सात दिवस किंवा जास्त थांबली तर मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीची) यंत्रणा गिऱ्हाईक शोधायला नव्याने शिकते आणि तोवर खर्च वाढतो. आम्ही त्याआधीच चालू केली. बजेट, पिनकोड, व्हिडिओ, मजकूर यांतलं काहीच हलवलं नाही, कारण मोठा बदल केला तरी तेच होतं. पाठवणीची नवी तारीख गेली ती फक्त व्हॉट्सअॅपच्या आपोआप जाणाऱ्या पहिल्या उत्तरात.