९८ मिलिमीटर

ड्रॉवर चार बोटं बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला अडला. आत ढकलून पुन्हा ओढला. तेवढाच आला. माझ्यासोबतचा पोरगा बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलणारा. तो वाकून बघून म्हणाला, "अण्णा, बरंगिल्ल." येणार नाही. खरंच येणार नव्हता. ओट्याखालची चारही कपाटं एकमेकांना जोडून, पाणसळीत बसवून झाली होती. दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर जूनचा पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता.

घर जांबोटीच्या पुढं, चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती, खाली शहाबादी फरशी, मागच्या दारातून परसात उतरायला दोन पायऱ्या. काकूंनी आयुष्यभर खाली बसून स्वयंपाक केला, आता दोन्ही गुडघे धरलेत. मुलगा पुण्याला. त्यानं आईसाठी खोक्यातून येणारं किचन मागवलं. सुट्या फळ्या, स्क्रूच्या पिशव्या, जोडायचे कागद, असं सगळं सतरा खोक्यांत ट्रान्सपोर्टनं बेळगावला आलं आणि तिथून टेम्पोनं आम्ही वर आणलं. रविवारी घरात मुलीचं डोहाळजेवण होतं. शनिवारी ग्रॅनाइटवाले येणार होते. म्हणजे गुरुवार, शुक्रवार एवढेच माझ्या हातात.

मी बेळगावच्या वडगावचा. वडिलांनी खानापूर भागात सागवानी दारं-खिडक्या केल्या. मी गेली बारा वर्षं किचन ट्रॉल्या बसवतो आणि अलीकडे त्यातली निम्मी कामं अशा खोक्यांची असतात. या कपाटांबद्दल मला तक्रार नाही. कारखान्यात कापलेली फळी गुण्यात असते, भोकं जागच्या जागी असतात, बिजागरीच्या वाटीचा ३५ मिलिमीटरचा खड्डा चोख पाडलेला असतो. फळ्या जोडणारी मिनिफिक्सची चकती फिरवली की सांधा घट्ट. अडचण कपाटात नसतेच. ती कपाट आणि भिंत यांच्या मध्ये असते.

नकाशा पुन्हा उलगडला. उजवीकडे मागच्या दाराच्या भिंतीला चिकटून ४५० चा ड्रॉवरचा खण, मग सिंकचं ९००, मग सिलेंडरचं ६००, शेवटी दोन दारांचं १०००. बेरीज २९५० मिलिमीटर. भिंत ते भिंत माप ३०४८, बरोबर दहा फूट. उरले ९८. नकाशात डाव्या टोकाला ही जागा कोरी सोडली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं आणि तिच्यासाठी कुठल्याही खोक्यात काहीही नव्हतं. मी सकाळी कागदाप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली. मागच्या दाराची चौकट भिंतीपासून ४० मिलिमीटर पुढं आलेली आहे, हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही. ही चूक माझी.

अशा जागी लागते ती फिलर पट्टी. कपाटाच्याच रंगाची, दोन-तीन इंच रुंद. घेणाऱ्याला ती दिसत नाही, विकणाऱ्याच्या यादीत ती बऱ्याचदा नसते. पण भिंतीला लागून ड्रॉवर असेल तर तो चौकट चुकवून बाहेर यायला ती हवी. दार असेल तर ते काटकोनापेक्षा जास्त उघडायला, हँडल भिंतीवर आपटू नये म्हणून हवी. आणि वाकड्या भिंतीला सरळ कपाट भेटतं ते तिच्यामुळेच.

मी माल पाठवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलानं यादी तपासली. "फिलर तुमच्या ऑर्डरमध्ये नाही सर. साइटवर ॲडजस्ट करून घ्या." वेगळे मागवले तर किती दिवस? पंधरा.

काकू दारात उभ्या होत्या. "काय झालं ओ मिस्त्री? चुकलं काय?"

"कपाटं बरोबर आहेत काकू. दोन पट्ट्या आल्या नाहीत."

"पट्ट्याच न्हवं? मग असू दे की. फट राहिली तर राहू दे."

त्यांना ती फट म्हणजे काय ते मी हात घालून दाखवलं. तिथं ओट्यावरचं पाणी उतरणार, पीठ सांडणार, झुरळं घर करणार आणि कुणाचाच हात आत पोचणार नाही. दुसऱ्या टोकाला ड्रॉवर तर उघडणारच नाही. पोळपाट-लाटणं कुठं ठेवणार? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही करा, मी चहा टाकते."

पहिलं काम, जोडलेलं सोडवणं. चारही कपाटांच्या मधले कनेक्टर स्क्रू काढले. दोन तुकड्यांचे हे स्क्रू एका कपाटाची बाजू दुसऱ्याला आवळून धरतात. ते पिशवीत तसेच राहिले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर सहा महिन्यांत दारांच्या रेषा वर-खाली होतात. मग लोक बिजागरीला दोष देतात. सगळी रांग डावीकडे ५० मिलिमीटर सरकवली. आता उजवीकडे ५०, डावीकडे ४८.

सरकवल्यावर पाय पुन्हा लावावे लागले. फरशीला मोरीकडे उतार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८ मिलिमीटर. जुन्या घरात हा उतार मुद्दाम दिलेला असतो, स्वयंपाकघर धुतलं की पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे सुरुवात फरशीच्या सगळ्यात उंच जागेपासून करायची. पाणी भरलेली पारदर्शक नळी पाणसळ म्हणून धरून ती जागा शोधायची, तिथं पाय कमीत कमी ठेवायचे आणि बाकीचे तिच्या मापानं उंच करत जायचं. पाय बाजूच्या उभ्या फळीखाली यायला हवेत, नुसत्या तळाच्या फळीखाली नव्हे. दहा फूट बाय दोन फुटांचा २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट शंभर किलोच्या आसपास भरतो आणि तो सगळा भार उभ्या फळ्यांतून खाली उतरतो. ९०० आणि १००० च्या कपाटांना मध्ये जादा पाय लागतो. तो खोक्यात होता, पण थर्माकोलच्या खाचेत अडकून राहिला होता. म्हणून काम पुरं होईपर्यंत रिकामं खोकंसुद्धा मी बाहेर टाकू देत नाही.

आता पट्ट्यांसाठी त्याच रंगाची फळी हवी होती. इथं मला खालची पायपट्टी दिसली. कपाटांच्या पायांपुढं लावायची, १०० मिलिमीटर उंच आणि २४०० लांब, अशा दोन आल्या होत्या. उंच टोकाला ती बरोबर बसत होती, मोरीच्या टोकाला फरशीपासून एक इंच वर लोंबत होती. म्हणजे पायपट्टी म्हणून तिचा तसाही उपयोग नव्हता. पण ७२० उंचीच्या फिलरसाठी तिचे तुकडे केले, तर १०० ची रुंदी भिंतीप्रमाणे कापून घ्यायला भरपूर होती. रंग तोच, फळी तीच.

"आणि मग खाली काय लावणार?" काकूंनी विचारलं. माझं लक्ष पडवीत उभ्या करून ठेवलेल्या जुन्या मांडणीकडे गेलं. सागवानी, धुरानं काळी पडलेली, आता भांडी नसलेली. मी विचारायला कचरत होतो. त्यांनी माझी नजर बघितली. "माझ्या सासूबाईंची हाय ती," म्हणाल्या. थोडा वेळ गेला. "दोन फळ्या घ्या. कामाला तरी येतील."

फिलर बसवण्याचं काम मला आवडतं. भिंतीचं माप वर ५०, खाली ५९, आणि मध्ये पोट आलेलं. अशा ठिकाणी टेपचं माप उपयोगाचं नाही. पट्टी कपाटाला समांतर, ओळंब्यात उभी धरायची. भिंतीपासून जितकं जास्तीत जास्त अंतर राहतं, तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा घ्यायचा, त्याला पेन्सिल टेकवायची आणि ठोकळा भिंतीला घासत वरून खाली न्यायचा. भिंतीचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा पेन्सिलीनं पट्टीवर उतरतो. सनमायक्याचे टवके उडू नयेत म्हणून रेघेवर आधी कागदी टेप लावलेली असते. रेघ मारून झाली, जिगसॉ, म्हणजे विजेवरची करवत, हातात घेतली आणि लाइट गेली.

त्या भागात पावसात गेलेली लाइट कधी येईल त्याचा नेम नसतो. माझ्या पेटीत वडिलांची बारीक दातांची करवत असते. तिनं कापलं. कापताना हात थोडा तिरका धरला, म्हणजे मागची कड आत जाते, पुढची तेवढी भिंतीला टेकते, आणि मग रंध्याचे दोन-चार हात पुरतात. पहिली पट्टी तीनदा लावून बघितली. चौथ्यांदा भिंतीला अशी टेकली की मध्ये पोस्टकार्डही गेलं नसतं. कापलेली कड उघडी फळी असते, ओल शोषून फुगते, म्हणून तिला व्हार्निशचे दोन हात.

एक गोष्ट बरेच जण चुकवतात. पट्टी कपाटाच्या खोक्याशी सपाट लावतात. ती दारांच्या पुढच्या बाजूशी सपाट यायला हवी, म्हणजे दाराच्या जाडीएवढी, १८ मिलिमीटर पुढं. त्यासाठी मागं एक उभा आधार लागतो. तो आधी कपाटाच्या बाजूला आतून स्क्रूनं आवळायचा आणि त्यावर पट्टी. स्क्रू बाहेरून दिसत नाही.

उजवी पट्टी बसली. ड्रॉवर ओढला. चौकटीच्या कडेनं सरळ बाहेर आला, पुरता. काकूंनी स्वतः दोनदा उघडून बंद केला.

लाइट नसलेल्या दुपारी सागवानाच्या फळ्या रंधून काढल्या. वरचा काळा थर गेला आणि खालून सोन्यासारखं लाकूड निघालं. एका टोकाला १००, दुसऱ्या टोकाला १२८, फरशीच्या उतारासारखी निमुळती पायपट्टी. खालच्या कडेला प्लास्टिकची पट्टी लावली, धुण्याचं पाणी लाकडात चढू नये म्हणून. पायांना अडकवायच्या क्लिपा सिंकच्या कपाटाच्या खोक्यात तळाशी सापडल्या.

सिलेंडरच्या जागी मी थांबलो. त्या कपाटाला तळ नव्हता, सिलेंडर फरशीवर उभा राहणार आणि पुढं पायपट्टी, वर बंद दार. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. बंद कपाटात साठला तर वासही उशिरा लागतो. अशा कपाटाला खाली जाळी हवीच आणि तीही कुठल्या खोक्यात नव्हती. पायपट्टीत आणि दाराच्या खालच्या भागात भोकं पाडून माझ्याकडच्या ॲल्युमिनियमच्या दोन जाळ्या बसवल्या. नळी बाजूच्या फळीतून शेगडीकडे जात होती, तिथं भोकाच्या कडेला रबरी कडं घातलं, नाहीतर कापलेली फळी रोज नळीला घासत राहते. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, हेही काकूंना सांगितलं. रंगाबद्दल, हँडलबद्दल घरातले दहा वेळा विचारतात. जाळीबद्दल आजवर मला एकाही घरात कुणी आपणहून विचारलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शुक्रवारी वरच्या कपाटांची पाळी. दोन कपाटं, ती लोखंडी पट्टीवर टांगायची, पट्टी भिंतीत. सोबत आलेले स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी होत्या. ८ मिलिमीटरचं भोक पाडलं तर ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि लाल भुकटी सांडली. जांभ्याच्या अंगात पोकळ्या असतात. गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला, तर गिट्टी सकट फिरायला लागला. हातानं ओढला, बाहेर आला. दगडांच्या सांध्यात बघितलं, तिथं माती.

एरवी कदाचित मी लांब स्क्रू शोधत बसलो असतो. पण त्या ओट्यापुढं रविवारी सात महिन्यांची पोटुशी मुलगी उभी राहणार होती आणि वर तांदळाचे, डाळीचे डबे. मी काकूंना म्हटलं, "वरची दोन कपाटं आज लावत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. पाहुणे येणार, भिंत मोकळी दिसणार. पुण्याहून मुलाचाही फोन आला, "एवढं काय त्यात, चार स्क्रू जास्त मारा ना." मी त्याला गिट्टी कशी निघाली ते सांगितलं, कपाटाचं वजन आणि डब्यांचं वजन सांगितलं. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तुम्हाला पटेल तेव्हा लावा."

पुढच्या बुधवारी बेळगावहून केमिकलची नळी, जाळीच्या नळकांड्या आणि आटे पाडलेल्या सळया घेऊन गेलो. भोक रुंद आणि खोल पाडायचं, फुंकून भुकटी काढायची, जाळीचं नळकांडं घालायचं, केमिकल भरायचं. ते जाळीतून दगडाच्या पोकळ्यांत शिरतं आणि तिथं घट्ट होतं. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. संध्याकाळी मी आणि पोरगा, दोघे पट्टीला लोंबकळलो. हलली नाही. मगच कपाटं टांगली.

तोवर काकूंनी खालचं सगळं लावून टाकलं होतं. ड्रॉवरमध्ये पोळपाट-लाटणं, उलथनी, पळ्या. ओट्यापुढं उभ्या राहून त्यांनी आम्हाला थालीपीठ करून घातलं. पोरग्यानं तीन खाल्ली.

निघताना उरलेलं सामान गोळा केलं. फळ्यांखालच्या ५ मिलिमीटरच्या चार खुंट्या, बिजागरीच्या दोन प्लेटा, स्क्रूवर लावायच्या टोप्या, फिलरचा एक हातभर तुकडा. तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीनं भिंतीची मापं आणि तारीख लिहिली, सगळं एका पिशवीत घातलं आणि सिंकखालच्या दाराला आतून चिकटवलं. "हे टाकू नका काकू," म्हटलं. त्यांनी पिशवीवर हात फिरवून बघितला आणि दार लावून घेतलं.