सहा नंबरचं दार

गणपतीच्या आधी घर रंगवून हवं असतं, म्हणून आमच्याकडं सगळ्यात जास्त काम श्रावणात येतं. रंगाला वर्षातला सगळ्यात वाईट काळही तोच. शेडमध्ये दमटपणा मोजायचं घड्याळ टांगलंय, त्याचा काटा पंच्याऐंशीच्या वर गेला की मी रंग फवारायची गन हातात घेत नाही. श्रावणात तो काटा दिवसचे दिवस खाली येत नाही. मग गरम करायला हॅलोजनचे दिवे लावायचे, दार बंद करायचं आणि वाट बघायची. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला तारीख पाहिजे असते.

हे काम बेळगावजवळच्या खानापूरचं होतं. जुनं घर, स्वयंपाकघरात सागवानी कपाटं, ओट्याखाली आठ दारं आणि वर सहा. तीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी पॉलिश केलेलं, ते बरंचसं झिजलेलं. मुलाला आणि सुनेला पांढरं स्वयंपाकघर हवं होतं. सागवानावर पांढरा रंग मारायला माझा हात आजही अडतो. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. आजी कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे लाकूड दिसणारच नाही की काय?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

रंग कुठला, यावर मी वेळ घालवला. गिऱ्हाईक फक्त कंपनी आणि रंगाची छटा विचारतं, पण स्वयंपाकघरात खरा प्रश्न वेगळाच असतो. ऑइल इनॅमल स्वस्त पडतं आणि हातानं छान बसतं, पण पांढरा असेल तर पिवळा पडतो. दाराच्या आतल्या बाजूला उजेड लागत नाही, तिथं तर लवकरच. शिवाय पूर्ण कडक व्हायला त्याला आठवडे लागतात, तोवर डब्याची कड लागली तरी ओरखडा. पाण्याचं इनॅमल पिवळं पडत नाही आणि वासही कमी. पण रोजच्या फोडणीला, ओल्या हाताला मला दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच लागतं, रंगात कडक करणारा हार्डनर मिसळून मारायचं. एका फळीवर नमुना करून त्याच्यावर हळद-तेल चोळून रात्रभर ठेवलं. सकाळी पुसल्यावर फिकट डाग राहिला होता, तो दोन दिवस उन्हाच्या तिरिपेत ठेवल्यावर गेला. हळद उन्हानं उडते. सुनेला ते दाखवलं, तेव्हा तिचा विश्वास बसला.

पीयूचा हार्डनर फुप्फुसाला वाईट. आमच्यातली बरीच माणसं तोंडाला रुमाल बांधून गन चालवतात आणि त्यात मर्दुमकी समजतात. मी माझ्याकडच्या पोराला कार्ट्रिजचा मास्क नसेल तर शेडमध्ये पाऊल टाकू देत नाही.

दारं काढली, बिजागरीच्या खाली पटाशीनं नंबर कोरले आणि टेम्पोतून पंचवीस-सव्वीस किलोमीटर बेळगावात अनगोळला शेडमध्ये आणली. सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतली, वाळवली, १२० आणि मग १८० च्या पॉलिश पेपरनं घासली, थिनरच्या फडक्यानं पुसली. चार दिवसांनी काटा खाली आला. सरफेसरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पहिला हात मारला.

पाच मिनिटांत पोरगा कानडीत ओरडला, "अण्णा, इल्ली नोड्री!" इकडं बघा म्हणून.

दारावर डोळे पडत होते. ज्यानं हे बघितलं नाही त्याला सांगतो. ओला रंग एका ठिपक्यापासून स्वतःहून मागं सरकतो. मधे मुगाएवढं गोल लाकूड उघडं पडतं आणि भोवती रंगाची कड उभी राहते. बघता बघता एका दारावर तीस-चाळीस. वरून दुसरा हात मारला तर तोही तिथूनच सरकतो.

आधी कॉम्प्रेसरवर संशय घेतला. त्यातून तेल किंवा पाणी आलं तरी असंच होतं. टाकी रिकामी केली, फिल्टर धुतला, काचेच्या तुकड्यावर मारून बघितलं, तर काच स्वच्छ. मग थिनर बदलला. तरी तेच. दुकानदार फोनवर म्हणाला, दोन थेंब सिलिकॉनचं औषध टाक, डोळे बसतील. बसतातही. पण ते औषध गनमध्ये, नळीत राहतं आणि पुढच्या कामात डोळे पाडतं. खालचा दोष झाकून वरून गुळगुळीत करायची ही सवय दुकानदारांनीच लावली आहे, आणि त्याचा राग मला अजून येतो.

संध्याकाळी दारं सुकायला लावताना पोरानं ती नंबरानं लावली. खालची आठ जमिनीवर, वरची सहा त्यांच्यामागं बाकावर, स्वयंपाकघरात होती तशी. मी चहाचा कप घेऊन मागं सरकलो आणि तसाच उभा राहिलो. डोळे वाटेल तिथं पडले नव्हते. एक सरळ पट्टा होता. खालच्या दारांच्या वरच्या अर्ध्यात आणि वरच्या दारांच्या खालच्या अर्ध्यात, एक नंबरपासून चौदापर्यंत. त्या पट्ट्याच्या वर आणि खाली सरफेसर काचेसारखा बसला होता. फोडणीचं तेल असतं तर गॅसजवळ जास्त आणि कोपऱ्यात कमी दिसलं असतं. हा पट्टा सगळीकडं सारखा होता. सहा नंबरच्या दारावर तेवढा सगळ्यात दाट.

पावसातच गाडी काढली. आजी ओसरीत वाती वळत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, कपाटं कशानं पुसता?"

"मी पुसतो की दर शुक्रवारी. खोबरेलाचा हात फिरवतो. लाकूड उपाशी ठेवू नये." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "खाली वाकवत नाही आता, आणि वर हात पोचत नाही. मधलंच होतं तेवढं."

"कधीपासून?"

"घर बांधल्यापासून. तुम्ही विचारलंच नाही की हो."

सहा नंबरच्या दारामागं देवाचं सामान होतं. तिथं त्या रोज हात फिरवायच्या.

जवसाचं तेल हवेनं वाळून कडक होतं. खोबरेल वाळत नाही, लाकडाच्या रेषेत ओलंच राहतं. मी पॉलिश पेपरनं ती छिद्रं उघडली आणि थिनरच्या एकाच फडक्यानं पुसत गेलो, म्हणजे तेल काढलं नाही, पातळ करून त्याच पट्ट्यात चोळलं. थिनर उडून गेला, तेल राहिलं. पुसायला सुरुवात केली तेव्हा अंगठा फिरवून बघितला असता तर बोटाला लागलं असतं. पाण्याचा थेंब टाकला असता तर मण्यासारखा उभा राहिला असता. दोन्ही मला येतं. दोन्ही मी केलं नाही, कारण तारीख जवळ आली होती.

सरफेसर सगळा खरवडला. मग दोन फडकी घेऊन बसलो, एक थिनरचं आणि लगेच मागून एक कोरडं, प्रत्येक पुसण्याला नवी घडी. तीनदा तसं केलं. सहा नंबरच्या दारावर तिसऱ्यांदाही थेंब पसरला नाही. ते चौथ्यांदा पुसलं.

त्यानंतर चपडा लाख. माझे उस्ताद बेळगावच्या शहापुरात फ्रेंच पॉलिश करायचे, त्यांच्याकडून शिकलेलं. लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, बाटली दोन दिवस हलवायची नाही. खाली दुधासारखं मेण बसतं. वरचं निवळ हळूच दुसऱ्या बाटलीत काढायचं, मेणाचा एक थेंबही येता कामा नये, नाहीतर वरचा रंग धरणार नाही. त्या निवळाचे दोन पातळ हात सगळ्या दारांना दिले. तेल आत आणि रंग बाहेर, मधे लाखेची भिंत. हलका ३२० चा पेपर फिरवून सरफेसर मारला, तेव्हा पोरगा आणि मी, दोघंही काही न बोलता दहा मिनिटं दारांकडं बघत उभे होतो. एकही डोळा पडला नाही.

आठ दिवसांची मजुरी गेली. मुलगा निम्मी द्यायला तयार होता, मी घेतली नाही. गणपतीच्या दोन दिवस आधी दारं बसवली. सहा नंबरच्या दाराची आतली बाजू मी पांढरी केली नाही, लाखेचं पॉलिश करून लाकूड तसंच ठेवलं, मुलाला न विचारता. आजींनी दार उघडलं, आत हात फिरवला, मग बाहेरून पांढऱ्यावर फिरवला. "आता याला काय लावू?" म्हणाल्या. मी सांगितलं, ओलं मऊ फडकं, फार तर साबणाचा एक थेंब. तेल नको. त्यांनी मान हलवली, पण हात बराच वेळ दारावरच होता.

त्याच कपाटाच्या एका जुन्या पट्टीवर मी तोच सगळा क्रम करून ती शेडमध्ये ठेवली आहे. दर रविवारी तिच्यावर चिकटपट्टी दाबून ओढून बघतो, अजून रंग निघालेला नाही. पण ती पट्टी आठ नंबरच्या बाजूची आहे, तिथं तेल कमी होतं. सहा नंबरची पट्टी माझ्याकडं नाही. दिवाळीत खानापूरला जाईन तेव्हा त्या दाराच्या मुठीजवळ आधी अंगठा दाबून बघणार आहे.