तीनशे दहा मिलीलीटरचा हिशेब

एका विश्वस्त संस्थेच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. सकाळी सहाच्या सुमारास वॉर्डांतून रक्ताच्या बल्बांनी (नमुन्याच्या नळ्यांनी) भरलेले ट्रे येऊ लागतात आणि राउंड सुरू होण्यापूर्वी त्यांचे रिपोर्ट वर पोहोचावेत अशी अपेक्षा असते. या गर्दीत कोणता नमुना कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आला आहे, हे पाहायला कोणालाच उसंत नसते. मेडिसिन वॉर्डातला तो एक फॉर्म माझ्या टेबलावर आला, कारण त्यावर मागितलेल्या तपासण्यांसाठी किती बल्ब लागतील हे टेक्निशियनला विचारायचे होते.

रुग्ण सत्तरी ओलांडलेल्या, जेमतेम चाळीस किलो वजनाच्या एक आजी होत्या. न्यूमोनियामुळे दाखल झालेल्या, पहिले पाच दिवस आयसीयूत काढलेल्या आणि नंतर वॉर्डात आलेल्या. ताप उतरला होता, ऑक्सिजन निघाला होता, त्या थोडेफार जेवू लागल्या होत्या. मात्र दाखल होताना 10.9 असलेले हिमोग्लोबिन तेराव्या दिवशी 8.3 वर आले होते. पोटात कुठेतरी रक्तस्राव होत असावा या शंकेने दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपी ठरली होती आणि रक्तपेढीला एक पिशवी राखून ठेवायला सांगितले होते. कारण शोधण्यासाठी आयर्न स्टडीज, बी-12, फॉलिक ॲसिड, एलडीएच, कूम्ब्ज टेस्ट आणि रेटिक्युलोसाइट काउंट अशी यादी फॉर्मवर होती. त्या यादीसाठी आणखी दहा-बारा मिलीलीटर रक्त काढावे लागणार होते.

सकाळच्याच नमुन्याची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. लाल पेशी आकाराने आणि रंगाने नेहमीसारख्या होत्या. त्या फुटत असल्याची किंवा लोह फार दिवसांपासून कमी असल्याची कोणतीही खूण नव्हती. शौचातील रक्ताची तपासणी आदल्या दिवशीच झाली होती आणि ती निगेटिव्ह होती. मग मी संगणकावर आजींचा नोंदणी क्रमांक टाकला आणि दाखल झाल्यापासून आलेले बल्ब एकेक करून कागदावर उतरवले. जांभळ्या झाकणाचे तीन मिलीलीटरचे, प्लेन बल्ब चार मिलीलीटरचे, निळ्या झाकणाचे 2.7 मिलीलीटरचे, शिवाय एबीजीच्या, म्हणजे धमनीच्या रक्तातील वायूंच्या तपासणीच्या, सिरिंजा. सॉफ्टवेअरमध्ये न दिसणारी एक गोष्ट आयसीयूच्या सिस्टरांना फोन करून विचारावी लागली. धमनीत बसवलेल्या लाइनमधून नमुना घेताना त्यात सलाइन मिसळलेले असते, म्हणून आधीचे तीन-चार मिलीलीटर रक्त टाकून दिले जाते, आणि एबीजी तर दिवसातून अनेकदा होत असे. आयसीयूतले रोजचे सुमारे 45 मिलीलीटर आणि वॉर्डातले रोजचे दहा-अकरा धरले, तर बेरीज 310 च्या आसपास आली.

चाळीस किलोच्या वृद्ध स्त्रीच्या शरीरात एकंदर रक्त अडीच लिटरच्या थोडे वर असते. म्हणजे आजींच्या एकूण रक्ताचा साधारण आठवा भाग आमच्या तपासण्यांपायी गेला होता. आपल्याकडे रक्तदानात 350 मिलीलीटर रक्त घेतात, आणि त्यासाठी वय 65 च्या आत, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 लागते. आजी यांतल्या एकाही निकषात बसल्या नसत्या. रक्तदान शिबिरात त्या आल्या असत्या, तर आपण त्यांना नमस्कार करून परत पाठवले असते. इथे मात्र जवळजवळ तेवढेच रक्त थोडे थोडे करून काढले गेले होते, आणि ते काढताना कोणी मोजले नव्हते.

टोरांटोमध्ये झालेला, 2005 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला आठवत होता. रुग्णालयात दाखल असलेल्यांचे 100 मिलीलीटर रक्त तपासण्यांसाठी काढले की हिमोग्लोबिन सरासरी 0.7 ने उतरते, असे त्यात दिसले होते. त्या हिशेबाने आजींची घट दोनच्या पुढे जात होती. उरलेल्या घटीलाही कारणे होती: दाखल होताना शरीर कोरडे पडले असल्याने पहिला आकडा मुळात चढा आलेला असणार, नंतर सलाइनने रक्त पातळ झाले, आणि जंतुसंसर्गात नव्या लाल पेशी तयार होण्याचे काम मंदावतेच.

कागद घेऊन मी वॉर्डात गेले. त्यांच्या मुख्य फिजिशियनना म्हटले, "सर, गळती शोधायच्या आधी आपण काढलेले रक्त मोजून पाहू या का?" त्यांनी कागद दोनदा वाचला. मग ते स्वतः आजींच्या खाटेपाशी गेले, शौचाचा रंग विचारला, पोट आणि गुदमार्ग तपासला, झोपून व उठून बसवून नाडी आणि रक्तदाब पाहिला. रक्तस्रावाचे एकही लक्षण नव्हते. त्यांनी एंडोस्कोपी तीन दिवस पुढे ढकलली, पिशवी लावायची नाही असे लिहिले आणि रोजच्या सगळ्या तपासण्या बंद केल्या. तीन दिवसांनी लहान मुलांसाठी असलेल्या छोट्या बल्बमध्ये अर्धा मिलीलीटर रक्त घेऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केला, हिमोग्लोबिन 8.4 होते. एंडोस्कोपी झाली नाही. आजी घरी गेल्या, आणि काही आठवड्यांनी ओपीडीत आल्या तेव्हा ते 9.8 होते.

हा दिवस माझ्या मनात राहिला तो रुग्णपत्रिकेच्या पहिल्या पानावरील एका ओळीमुळे. दाखल झाल्याच्या रात्री कोणीतरी लिहिले होते: "सीबीसी, आरएफटी, इलेक्ट्रोलाइट्स रोज." म्हणजे रक्तपेशी, मूत्रपिंड आणि सोडियम-पोटॅशियम यांच्या तपासण्या. त्या रात्री ते योग्यच होते. पण ती ओळ थांबवणे हे कोणाचेच काम नव्हते. सातव्या दिवसानंतर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन सगळे स्थिर होते, त्यांवरून एकही औषध बदलले गेले नव्हते, तरी रोज पहाटे सुई टोचली जात होती. आणि रोजच्या आकड्यांतून नवी कामे निर्माण होत होती. निरोगी माणसांपैकी 95 टक्के ज्या मर्यादेत येतात तिला आपण सर्वसाधारण मर्यादा म्हणतो. म्हणजे धडधाकट माणसाच्याही वीसातल्या एका तपासणीचा आकडा ठळक छापून येऊ शकतो. आजींचे सोडियम एकदा 134 आले म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा रक्त घेतले गेले होते. ते 136 निघाले. एवढा फरक यंत्राच्या आणि शरीराच्या नेहमीच्या चढउतारातलाच असतो.

निवासी डॉक्टरांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. राउंडवर "आजचे पोटॅशियम किती?" या प्रश्नाला आकडा देता आला नाही तर त्यांना बोलणी बसतात, जास्त तपासण्या लिहिल्या म्हणून मात्र कोणी कधी बोलत नाही. म्हणून बदल व्यवस्थेत करावा लागला. आता आमच्याकडे "रोज" अशी मागणी 48 तासांनी आपोआप संपते आणि पुढे हवी असल्यास डॉक्टरांनी कारण लिहायचे असते. एखादी तपासणी राहिली असेल तर आधी प्रयोगशाळेला फोन करून सकाळच्या शिल्लक नमुन्यावर ती होते का हे विचारायचे, असेही ठरले आहे. हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिन तपासणीबरोबर त्याच कारणासाठीचे सीके-एमबी आपोआप जोडले जाई, ते काढले. लाल पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असल्याने तीन महिन्यांच्या आत पुन्हा एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आले तर आम्हीच फोन करतो. आयसीयूत छोटे बल्ब सुरू केले. कॅनडातील 25 आयसीयूंमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बल्बांमुळे नमुना अपुरा पडण्याची भीती खरी ठरली नव्हती, हे दाखवल्यावर तिथल्या डॉक्टरांची हरकत मावळली.

तपासण्यांची संख्या कमी करणे हे ध्येय नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांना ॲम्फोटेरिसिन-बी हे पोटॅशियम उतरवणारे औषध चालू असताना पोटॅशियम रोज पाहावेच लागे, आणि त्यातली एकही तपासणी मी थांबवली नसती. तिथे आकड्यावरून त्याच दिवशी पोटॅशियमचा डोस ठरत होता.

सध्या चर्चा मोतीबिंदूच्या छापील फॉर्मवर अडली आहे. अमेरिका आणि कॅनडात 19 हजारांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरसकट तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या गटांत गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच निघाले. आमच्या फॉर्मवर मात्र अजून सीबीसी, आरएफटी, एलएफटी (यकृताच्या तपासण्या), लघवी आणि ईसीजी छापलेले आहेत, आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा शेतमजुरी करणाऱ्या घरांतून येतात. मधुमेही रुग्णाची साखर आणि रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) ठेवावा, बाकीचे रुग्ण तपासून गरज वाटली तरच लिहावे, हे भूलतज्ज्ञांनी मान्य केले आहे. नेत्रशल्यविशारदांना संसर्गाच्या तपासण्या वगळायच्या नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मला समजते. पुढच्या बैठकीत उरलेल्या यादीतील प्रत्येक तपासणीसमोर तिच्या निकालाने शस्त्रक्रियेत काय बदलणार आहे, ते लिहायचे ठरले आहे.